श्रावणी सोमवारचा गृहप्रवेश

उमरग्यात हायवे सोडून आत वळलं की दाल मिलच्या मागे एका बिल्डरनं एकाला एक चिकटून रांगेत घरं बांधली आहेत. त्याला तो रो-हाऊस म्हणतो. पुढे दोन गाड्या लागतील एवढं अंगण, मागे धुणं वाळत घालायला पट्टी, वर गच्ची, आणि दोन्ही बाजूंची भिंत आपली नि शेजाऱ्याची मिळून एकच. सगळी रांग दक्षिणेकडे तोंड करून आहे. दक्षिणेचं दार कुणी घेत नाही, म्हणून बिल्डरनं प्रत्येक दार पोर्चमध्ये आडवं वळवून पूर्वेला काढलं. त्यामुळे सगळी घरं रस्त्यावर रुसून बसल्यासारखी दिसतात. आम्ही बौद्ध, वास्तू-दिशा काही मानत नाही. पण रांगेतलं घर घेतलं की रांगेसारखंच दार मिळतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. बायको आणि मी बरीच वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढली. स्वतःच्या घराची हौस मला फारशी नव्हती. मला आई इथं हवी होती. वडील गेल्यापासून ती मुरुमजवळच्या गावी, वस्तीवर एकटी राहत होती. दोनदा चक्कर येऊन पडली आणि दोन्ही वेळा मला चार दिवसांनी कळलं.

घर बघायला तिला आणलं तेव्हा तिनं ना ओटा पाहिला ना नळ सोडून बघितला. मधल्या भिंतीवर हात ठेवून तिनं बिल्डरला विचारलं, "ह्याच्या पल्याड कोण हाय?"

"लिंगायत हायत, मावशी. किराणावाले. लई चांगली माणसं."

"चांगली माणसं सगळीकडंच असत्यात. आमच्या घरचं खात्यात का?"

बिल्डर हसला. आजकाल कोण बघतंय म्हणाला. आई हसली नाही. घरी आल्यावर तिनं मला स्पष्ट सांगितलं. "घर तू घे. वास्तूच्या जेवणाला मी येते. शेजारपाजार ताटावर बसला तर ऱ्हाते. न्हाय तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मला माझ्या घरी सोड. ज्या भिंतीच्या पल्याडलं माणूस आपल्या हातचं खात न्हाय, तिला टेकून मला झोप यायची न्हाय."

मी वाद घातला नाही. तरुणपणी तिनं ज्यांच्या शेतात खुरपलं, तिथं तिला पाणी वरून ओतून मिळायचं. ओंजळीनं पाणी प्यायलेल्या माणसाला 'आजकाल' म्हणून काय समजावणार?

आमच्यात मुहूर्त बघत नाहीत. पौर्णिमा मात्र बघतात, आणि ती बघताना दुसरं काही बघत नाहीत. श्रावणी पौर्णिमा धरली. आदल्या दिवशी आईला घेऊन घरोघरी आवतन दिलं. सगळे हो म्हणाले. आईनं मुद्दाम सगळं शाकाहारी ठरवलं होतं. खीर, पोळ्या, वांग्याची भाजी, वरण-भात. कागदी पत्रावळ्या मी आणल्या होत्या, त्या तिनं बाजूला ठेवल्या आणि स्टीलची ताटं घ्यायला लावली.

सकाळी वंदना झाली, पंचशील झालं. मग शेजारी येऊ लागले. टापटीप कपडे, हातात चमकत्या कागदात गुंडाळलेली भिंतीवरची घड्याळं. घर बघितलं, फरशीचं कौतुक केलं. जेवायला बसा म्हटलं की प्रत्येकाचं एकच उत्तर.

"आज सोमवार न्हाय का. श्रावणातला. उपास हाय."

पौर्णिमा सोमवारी आली होती. कॅलेंडरवर दोन्ही गोष्टी एकाच चौकोनात छापलेल्या, आणि आमच्या सगळ्या भावकीत एकाच्याही ध्यानात त्यातली दुसरी आली नाही. शाबूची खिचडी असती तर निदान चमचाभर तोंडात गेली असती. केळं घेऊन लोक निघून गेले. पंगतीला बसले ते आमचेच.

उपास खरा होता, याबद्दल मला शंका नाही. आईला ती होती. तिच्या हिशेबी, आपल्या दारात आलं की लोकांना उपासच असतो. "घड्याळ दिलं, घास न्हाय घेतला," एवढंच ती म्हणाली आणि मागच्या पट्टीत जाऊन बसली. मला राग आला. कुणाचा म्हणून सांगता येणार नाही, बहुधा सोमवारचा.

पाहुणे गेले. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा भिंतीपल्याडच्या किराणावाल्यांच्या म्हाताऱ्या आई पोर्चमध्ये येऊन उभ्या राहिल्या. कपाळाला ताजी विभूती होती. सून बरोबर नव्हती. आई मागून पुढं आली तशी त्यांनी तिला कन्नडमध्ये विचारलं, "ऊटा आतेन री?" म्हणजे जेवण झालं का. आमच्या भागात हे नमस्कारासारखंच विचारतात. आईला कन्नड चांगलं येतं, पण ती मराठीत म्हणाली, "न्हाय अजून."

"मग वाढा की. दिवसभर कडक धरला हुता. आता सोडायचाय."

आई जागची हलली नाही. "घरी केलं असंल की तुमच्या."

"केलंय. सून वाढून बसलीया. ती यायची न्हाय, तिचं तिच्यापाशी." त्या चपला काढून आत आल्या. "काल आवतन घेतलं म्या. उपास हुता म्हणून सकाळी न्हाय बसले. आवतन मोडलं न्हवतं."

आईनं भात परत गरम केला. त्या मधल्या भिंतीला पाठ लावून खाली बसल्या. आईनं ताट वाढलं आणि अवघडून बाजूला उभी राहिली, आयुष्यभर उभी राहत आली तशी. त्यांनी डोळे मिटून हात जोडले, पण घास उचलला नाही.

"तुम्ही बी बसा. एकलीला घास जात न्हाय."

आई माझ्याकडं बघत राहिली. मग दुसरं ताट घेऊन शेजारी बसली, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. खीर दोघींनी दुसऱ्यांदा घेतली. बाकीची रांग अजून आमच्याकडं जेवलेली नाही, आणि त्या लोकांच्या मनात खरं काय आहे ते मला माहीत नाही.

मी भात वाढायला वाकलो तेव्हा आई ताटातून मान वर न काढता म्हणाली, "सकाळच्या गाडीचं बघू नको."