बॉयलरवरची फुली

आप्पासाहेबाचं नाव निघालं की फारूखचं डोकं सणकायचं. कारखान्यात फारूख टर्नर आणि आप्पासाहेब तपासणीस. बावीस वर्षं त्या माणसानं केसभर फरकासाठी फारूखचे जॉब परत पाठवले. रिटायर झाल्यावर फारूख म्हणाला, सुटलो एकदाचा. पण दोघांनाही खूळ लागलं ते एकच, खऱ्या वाफेवर चालून माणूस ओढणाऱ्या छोट्या इंजिनाचं. आणि त्याचा रूळ होता आप्पासाहेबाच्या गारखेड्यातल्या बंगल्यामागं. नशीबच फुटकं.

उस्मानपुऱ्यातल्या घराच्या अंगणात फारूखनं नऊ वर्षं खपून इंजिन बनवलं. जाहेदानं, त्याच्या बायकोनं, कपडे वाळत घालायची जागासुद्धा त्यापायी सोडली. पहिल्या फेरीला मागं तीच बसणार, असा त्यानं शब्द दिला होता.

पण रुळावर चढायच्या आधी बॉयलरची परीक्षा. थंड पाणी गच्च भरायचं, हातपंपानं चालवायच्या दुप्पट दाब द्यायचा आणि वीस मिनिटं दाबाचा काटा हलता कामा नये. परीक्षा बनवणाऱ्यानं घ्यायची नाही, दुसऱ्यानं घ्यायची. दुसरा म्हणजे आप्पासाहेब.

बंगल्यामागं परीक्षा सुरू झाली आणि अठराव्या मिनिटाला काटा जरासा उतरला. बॉयलरच्या भट्टीत, जिथं जाळ पेटायचा तिथं, एक थेंब लोंबत होता.

"घाम हाय तो," फारूख म्हणाला. "पाणी गार हाय."

"पुसून बघ."

फारूखनं पुसला. थेंब पुन्हा आला.

"नापास," आप्पासाहेब म्हणाला आणि खडूनं बॉयलरच्या तांब्याच्या पत्र्यावर फुली मारली. तीही नवी साडी नेसून आलेल्या जाहेदासमोर.

फारूख रस्ताभर शिव्या घालत आला. घरी येताच त्यानं करवत काढली.

"कापून त्याच्या तोंडावर फेकतो. बघू दे माझं काम आतून."

बॉयलर कापला. भट्टीचे पत्रे धरून ठेवणाऱ्या अकरा दांड्यांपैकी चारांत जोड पक्का करणारा चांदीचा डाग आत उतरलाच नव्हता, नुसता तोंडाशी चिकटला होता. वाफेच्या दाबाखाली आज ना उद्या पत्रा फाटला असता, आणि मागं जाहेदा बसलेली असती. फारूखनं करवत खाली ठेवली.

"जाऊन दोन शब्द बोला त्यांच्याशी," जाहेदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं ते तुकडे आप्पासाहेबाच्या टेबलावर ठेवले.

"तुमचं बरोबर व्हतं."

"व्हय," आप्पासाहेब म्हणाला. "कवा चुकलो व्हतो?"

बस म्हणाला नाही, चहा विचारला नाही. फारूख फाटकाबाहेर आला. इतकी वर्षं त्याला वाटायचं, हा माणूस डूख धरून माल नाकारतो. आता परत आलेला एकेक जॉब त्याला आठवायला लागला, आणि प्रत्येकात चूक आपलीच होती हे कळत गेलं. त्या दिवसापासून तो आप्पासाहेबाचा जास्तच राग राग करू लागला.