खाली घेतलेलं सिंक

मणक्याच्या ऑपरेशननंतर बायको चाकाच्या खुर्चीत बसली ती कायमची. इकडे दक्षिणेत, पेरुंगुडीच्या आमच्या फ्लॅटमधला ओटा तिच्या गळ्याशी यायचा. स्वयंपाकाला बाई होती. सांबार चांगलं करायची, पण बायको दिवसभर हॉलमध्ये बसून नुसते भांड्यांचे आवाज ऐकायची. एकदा म्हणाली, "मला निदान माझा कप तरी धुता येऊ दे."

म्हणून ओट्याचा एक भाग तोडून मी तिथलं सिंक काढलं आणि त्या जागी कमी उंचीवर, ज्याच्याखाली तिची खुर्ची सरकेल असं नवं, उथळ सिंक बसवायचं ठरवलं. भिंतीत सांडपाण्याचा जुना पाइप होताच, त्यालाच जोडायचं. प्लंबर म्हणाला, सोपं काम आहे. मलाही तसंच वाटलं.

पहिल्या दिवशी तिने दोन कप आणि एक पातेलं धुतलं. पाणी हळू जात होतं, पण जात होतं. दुसऱ्या दिवशी ते तुंबलं. सिंकखालचा पाइप भिंतीतल्या पाइपच्या तोंडापेक्षा चार बोटं खाली आला होता. पाणी वर चढणार कसं? मी पोहोचलो तेव्हा खरकटं पाणी काठावरून तिच्या मांडीवर पडत होतं आणि ती कप विसळत होती. कमरेखाली तिला काही कळत नाही. मी नळ बंद केला तेव्हा तिने खाली पाहिलं.

प्लंबरने जोड बदलून पाहिले. सिंकखाली बादली ठेवली, तर तिचे गुडघे आत जाईनात. उरला एकच उपाय, भिंत फोडून सगळ्या मजल्यांचा उभा पाइप आणखी खाली कापून तिथे सिंकचा पाइप जोडायचा. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन बघून गेले. तिच्याशी इंग्रजीत फार आपुलकीने बोलले, आणि बाहेर दाराशी मला नाही म्हणाले. जुना पाइप फुटला तर खालच्या घरांचं काय, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी पुन्हा दोनदा त्यांच्याकडे गेलो.

शेवटी तीच म्हणाली, "राहू दे आता. पूर्वीसारखं करून टाक."

ओटा परत बांधायला माणसं आली, तेव्हा तिने खुर्ची बेडरूममध्ये न्यायला सांगितलं. आता ती हॉलमध्येही फारशी येत नाही. चहा मी आत नेतो. रिकामा कप ती माझ्याकडे न बघता पुढे करते.