गाडीचं दुखणं

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमचे हे माझ्याशी खोटं बोलू शकतात हे मला फरीदाबादच्या पिकअप स्टँडवर, एका परक्या माणसाच्या तोंडून कळलं. तोवर मी चारचौघींत ठणकावून सांगायची, की फौजी माणूस बाकी काहीही करेल, खोटं बोलणार नाही. बायकांनी असली सर्टिफिकेटं वाटत फिरू नये.

हे सैन्यात ड्रायव्हर होते. बर्फात, वाळूत, डोंगरात ट्रक चालवले आणि एकदाही गाडी कुठे घासली नाही. रिटायर झाल्यावर सातारा जिल्ह्यातल्या गावी परतायचं ठरलं होतं, पण मुलीचं कॉलेज इथे, माझा शिवणाचा क्लास इथे, म्हणून आम्ही फरीदाबादलाच राहिलो. यांनी एक नवी पिकअप घेतली. दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये जवानांच्या बदल्या बारा महिने चालूच असतात. कुटुंब हललं की काळ्या ट्रंका, कूलर, मुलांच्या सायकली, तुळशीची कुंडी, सगळं स्टेशनावर नाहीतर नव्या क्वार्टरला पोचवायचं, हे यांचं काम. मराठी घरांचा तर यांच्यावर फार भरवसा. काका असले की काचेचं सामान गुंडाळायची गरज नाही, असं त्या घरांतल्या तरुण पोरी म्हणायच्या, आणि हे मिशीत हसायचे.

सैन्यात गाडी रस्त्यात बंद पडली तर पहिला प्रश्न असतो, ड्रायव्हर कोण होता? गाडीला काय झालं ते नंतर. हे यांच्या हाडीमासी मुरलेलं. शेजाऱ्याची स्कूटर सुरू झाली नाही तरी हे शेजाऱ्याकडेच संशयाने बघणार. मी चिडवायची, तुमच्या राज्यात गाड्या सगळ्या सतीसावित्री आणि ड्रायव्हर तेवढे बदमाश. त्यावर ते गंभीरपणे मान डोलवायचे. म्हणजे चेष्टासुद्धा वाया.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला मी त्यांच्याबरोबर पिकअपमध्ये होते. कॅन्टोन्मेंटमधल्या एका ओळखीच्या घरचं सामान भरलं होतं, आणि जाता जाता मला बहिणीकडे सोडणार होते. धौला कुआँच्या पुलावर चढलो. हे मला भाजीवाल्याबद्दल काहीतरी सांगत होते, त्याने वरची वांगी चांगली लावून खालून किडकी कशी घातली ते. आणि एकदम आवाजच गेला. गाडीचा. समोरचे लाल दिवे सगळे एकदम लागले. यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं ओढलं, की त्यांच्या मानेच्या शिरा वर आल्या. मागची बस आमच्या इतकी जवळ येऊन थांबली, की तिच्या काचेवर लटकवलेलं लिंबू मला आरशात दिसलं.

गाडी कशीबशी कडेला लागली. यांचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आता कंपनीला शिव्या देतील. तर त्यांनी मला विचारलं, "मी किती वेळ गप्प होतो?"

मला प्रश्नच कळला नाही. मागे हॉर्न वाजत होते. मी म्हटलं, "आधी गाडी हलवा, मग काय ते विचारा." त्यांनी चावी फिरवली. गाडी काही झालंच नाही अशी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने सगळं उघडून पाहिलं आणि म्हणाला, गाडी एकदम फर्स्ट क्लास आहे. यांनी पुन्हा तो विषय काढला नाही, आणि मीही नाही. घरात दिवाळीची कामं निघाली होती.

संक्रांतीच्या आधी दोन-तीन दिवस मी तिळगूळ वळत बसले होते. पाक चिकटायला लागला की फोनकडे बघायला सवड नसते, म्हणून मुलीला म्हटलं, बघ गं, काय वाजलं. गाडी घेताना यांनी शोरूममध्ये माझा नंबर लिहून दिला होता, कारण गाडी चालवताना ते फोन उचलत नाहीत. मुलगी वाचत होती आणि तिचा चेहरा बदलत होता. तिचं मराठी असं, की घाबरली की निम्मं हिंदी होतं.

"आई, ये तो कंपनीचा मेसेज आहे. सेफ्टी रिकॉल."

"म्हणजे काय?"

"म्हणजे त्यांनी गाड्या परत बोलावल्यात. इंधनाच्या पंपमध्ये फॉल्ट आहे. चालत्या गाडीचं इंजिन अचानक बंद पडू शकतं, असं लिहिलंय. आपल्या गाडीचा नंबर आहे यात."

माझे हात पाकातच राहिले. पुलावरची ती बस डोळ्यांपुढे आली. सकाळीच हे डबा घेऊन निघाले होते, मेरठला सामान पोचवायचंय म्हणून. म्हणजे ते या क्षणी हायवेवर, ट्रकांच्या मधे. मी फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. गाडी चालवताना फोन न उचलणारा नवरा मिळाला म्हणून मी आजवर देवाचे आभार मानत आले, त्या दिवशी मनात आलं, एक नियम मोडला असता तर काय बिघडलं असतं.

मुलगी फोन लावत बसली आणि मी रिक्षा करून स्टँडवर गेले. सेक्टरच्या टोकाला पिंपळाखाली पिकअपवाले उभे असतात. कुणाला तरी मेरठच्या रस्त्यावरचा ओळखीचा ड्रायव्हर असेल, तो यांना थांबवेल, एवढंच डोक्यात होतं. यांच्या बोलण्यात नेहमी येणारा एक हरियाणवी पिकअपवाला तिथे चहा पीत होता. मी धापा टाकत त्याला सगळं सांगितलं. त्याने कप खाली ठेवला.

"मेरठ? भाभीजी, फौजी भाई तो यहीं हैं। दिवाली के बाद से गाड़ी हिली ही नहीं।"

त्याने हात दाखवला. भिंतीला लागून आमची पिकअप उभी होती, धुतलेली, पुसलेली, आरशासारखी. आणि आत, स्टिअरिंगच्या मागे, हे बसले होते. मांडीवर मी सकाळी भरून दिलेला डबा. पोळीचा घास हातात होता.

माणूस जिवंत आहे, धडधाकट आहे, याचा आनंद व्हायला हवा होता. तो झालाच नाही. मला एवढंच दिसत होतं, की मी दिवाळीपासून रोज पहाटे उठून डबा भरतेय, आणि हा माणूस तो इथे, उभ्या गाडीत बसून खातोय. पेन्शन होती म्हणून घरात काही कळलं नाही. संध्याकाळी दमून यायचे आणि जेवता जेवता पेंगायचे. मी रात्री त्यांच्या पायांना तेल लावून द्यायची, केवढं ड्रायव्हिंग करतात म्हणून.

मी डाव्या बाजूचं दार उघडलं आणि आत बसले. दार आपटलंच.

"दुसरं घर केलंय का कुठे? सरळ सांगा."

"काहीतरीच काय बोलतेस."

"मग हे काय आहे?"

त्यांनी पोळीचे तुकडे केले, खाल्ले नाहीत. मग समोर बघत म्हणाले, "मला फिट येतात."

यांच्या थोरल्या भावाला फिट यायच्या. लग्नानंतर मी स्वतः पाहिल्या होत्या. त्यामुळे क्षणभर मलाही ते खरं वाटलं.

मग ते बोलायला लागले. पुलावरचं ते पहिल्यांदा नव्हतं. त्याआधी एकदा बल्लभगढजवळ झालं होतं, आणि नंतर दिवाळीत, एका जवानाची बायको तान्हं मूल घेऊन शेजारी बसली असताना. "हात एकदम जड होतात गं. स्टिअरिंग फिरवायला ताकदच राहत नाही. ब्रेकवर पाय देतो तर पायात जोर नसतो. आणि भानावर येतो तेव्हा गाडी बंद. म्हणजे मधे माझी शुद्ध जाते, पाय सुटतो, आणि गाडी गिअरमध्ये बंद पडते. दादाचंच आलंय माझ्यात." त्या बाईचं मूल बघून ते घाबरले. सामान पोचवलं, गाडी इथे आणून लावली, आणि माजी सैनिकांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांना हेच सगळं सांगितलं. भावाचंही सांगितलं. तपासण्या झाल्या, त्यात काही दिसलं नाही, पण काही न दिसणं म्हणजे आजार नाही असं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी दिवसभर डोळ्यांवर झापड यायची, आणि झापड आली की यांना वाटायचं, बघ, आजार वाढतोय.

"डॉक्टरांनी विचारलं नाही, तेव्हा जवळ कोण होतं म्हणून?"

"विचारलं. मी म्हटलं कुणी नव्हतं. तुला बोलावलं असतं त्यांनी. तू घाबरली असतीस."

मला संताप अनावर झाला. मी होते ना. मी त्यांच्या शेजारी बसले होते. पुलावर हा माणूस मला वांग्यांची गोष्ट सांगत होता, "खालची सगळी" इथपर्यंत वाक्य आलं होतं, आणि मग इंजिन गेलं. डोळे उघडे होते, हात चाकावर होते, गाडी बंद झाल्यावर यांनीच ती ओढून कडेला घेतली. शुद्ध हरपलेला माणूस मानेच्या शिरा ताणून स्टिअरिंग ओढतो का? मी हे सगळं त्यांना ऐकवलं. मग मोबाईल पुढे केला. मुलीने मेसेज मराठीत लिहून पाठवला होता, तो वाचून दाखवला. इंजिन अचानक बंद पडू शकतं. तसं झाल्यास स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतील.

हे ऐकत होते आणि स्वतःच्या हातांकडे बघत होते. आयुष्यभर ते सैन्यातले जुने जड ट्रक ओढत आले. हलकं स्टिअरिंग त्यांच्या हाताला मिळालं ते या पिकअपमध्ये. इंजिन बंद पडून ते जड झालं, तर त्यांनी संशय घेतला तो हातांवर. गाडीची सगळी लक्षणं त्यांनी डॉक्टरांना आपली म्हणून सांगितली होती, आणि डॉक्टरांनी त्यावर प्रामाणिकपणे औषध दिलं होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, पण ती पखाल माझ्या घरात रोज रात्री पाण्याबरोबर गोळी गिळत असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

"अच्छा," ते म्हणाले. एवढंच. मला वाटलं होतं, सुटल्यासारखे हसतील, निदान रडतील. ते म्हणाले, "पण कंपनीचा मेसेज चुकीचा असू शकतो."

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी मेसेज दोनदा वाचला. मग चष्मा काढून ठेवला. म्हणाले, गोळ्या बहुतेक लागणारच नाहीत, पण इतके दिवस घेतलेल्या गोळ्या एकदम बंद करता येत नाहीत, एकदम तोडल्या तर ज्याला कधी फिट आली नाही त्यालाही येऊ शकते. हळूहळू कमी करायच्या. आणि त्या पूर्ण बंद होऊन डॉक्टर स्वतः हो म्हणेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. यांनी "जी सर" म्हटलं, जसं शिक्षा सुनावल्यावर म्हणतात.

गाडी कंपनीच्या क्रेनने नेली. ती आणायला गेलो तेव्हा सर्व्हिस सेंटरच्या आवारात आमच्यासारख्या पिकअप ओळीने उभ्या होत्या आणि मालक झाडाखाली बसून आपापलं सांगत होते. एकाने पेट्रोलपंपवाल्याशी भांडण केलं होतं, डिझेलमध्ये भेसळ करतोस म्हणून. एकाने गाडीची दृष्ट काढून घेतली होती. एका लठ्ठ गृहस्थाने ड्रायव्हरला हाकलून दिलं होतं. नशा करून चालवतो, असं वाटलं त्यांना. कुणी डिझेलला दोष दिला, कुणी दृष्टीला, कुणी ड्रायव्हरला. स्वतःला दोष दिलेला त्यात एकही नव्हता. हे जरा दूर उभे राहून सगळ्यांचं ऐकत होते. मी म्हटलं, "सांगा की तुमचंही." त्यांनी मान हलवली.

पंप बदलायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. तिथल्या मुलीने चावी पुढे केली. यांचा हात सवयीने वर गेला आणि मग तसाच खिशात गेला. स्टँडवरचा तो हरियाणवी आमच्याबरोबर आला होता, चावी त्याने घेतली. तो स्टिअरिंगवर, मी मधे, आणि हे डाव्या खिडकीशी. स्वतःच्या गाडीत ते त्या जागेवर कधी बसले नव्हते. पट्टा कुठे अडकतो ते मीच त्यांना दाखवलं.

गाडी छान चालली होती. इंजिनचा आवाज असा, की मलासुद्धा फरक कळत होता. हे समोर बघत होते आणि दर सिग्नलला त्यांचा उजवा पाय खालचा पत्रा दाबत होता. मथुरा रोडवर गर्दी होती. सिग्नल हिरवा झाला, त्या हरियाणवी भावाने घाईत क्लच सोडला, गाडीने एक झटका खाल्ला आणि बंद पडली. नवशिक्याची रोज पडते, तशी. मागून एका मोटारीने हॉर्न दाबून धरला.

"माफ़ करना," हे एकदम म्हणाले. "मेरी ग़लती है।"

तो भाऊ हसायला लागला. "फौजी भाई, क्लच तो मेरे पाँव के नीचे है।"

मी यांच्याकडे वळले. चेहरा पुन्हा तसाच पांढरा झाला होता. गाडी सुरू झाली, पुढे निघाली, आणि यांनी खिडकीतून हात बाहेर काढून मागच्या मोटारवाल्याची माफी मागितली.