नॉर्वेच्या राखणदाराला घातलेलं गाऱ्हाणं

मी मूळची सांगलीकडची. देवाला हात जोडते, पण भुताखेताच्या गप्पा सुरू झाल्या की उठून भांडी घासायला जाणारी बाई... तरी हे लिहायला बसले, कारण त्या माणसाची बोटं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत.

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट असेल. आम्ही शारजाला रोला भागात राहायचो. आमचे हे हमरिया फ्री झोनमधल्या एका वर्कशॉपात स्टोअरकीपर. शुक्रवारी सुट्टी, म्हणून लेबर कॅम्पातली चार-पाच कोकणी पोरं आमच्याकडे जेवायला आणि व्हिडिओवर पिक्चर बघायला यायची. त्यातला दत्ताराम कणकवलीकडचा, वेल्डर. त्या दिवशी त्याने ताटातला मासा नुसता चिवडला. गावी आई शेवटच्या घटका मोजत होती आणि याचा पासपोर्ट मॅनेजरच्या लॉकरमध्ये. तेव्हा सगळ्यांचेच ठेवून घ्यायचे. हा आठ दिवस हात जोडत होता. आणि मॅनेजर — आपल्याच देशातला हो — म्हणायचा, "पहले काम खलास करो. माँ लोग तो बीमार पडती ही हैं."

हे ऐकल्यापासून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

जेवण झाल्यावर यांनी एक कॅसेट लावली. वर्कशॉपात आलेल्या नॉर्वेच्या एका म्हाताऱ्या इंजिनियरने दिलेली. महायुद्धात जर्मन त्यांच्या देशात घुसून बसले होते, तेव्हा काढलेला काळा-पांढरा पिक्चर. भाषेतलं ओ की ठो कळेना, पण गोष्ट कळली. त्यांच्या दंतकथेतला एक डोंगरातला वीर पायाला लांब फळ्या बांधून बर्फावरून सरसरत येतो आणि गावाला छळणाऱ्या अंमलदाराची मानगूट धरतो.

दत्ताराम एकदम उठला. "काकी, ह्यो तेंच्या गावचो राखणदार आसा. नारळ आसा घरात?"

"अरे, पिक्चर आहे तो," हे म्हणाले.

"आसांदे. आमचो देव हयसर खंय येतलो?"

मी नारळ दिला. त्याने पिक्चर थांबवला, थरथरत्या चित्रासमोर नारळ ठेवला आणि कोकणात देवापुढे घालतात तसं गाऱ्हाणं घातलं —

"बा देवा बर्फाच्या राखणदारा, माजी आवस थंय वाट बघता हा..."

"होय महाराजा," पोरं म्हणाली. दोघं हसतही होती.

"जेनी माजो पासपोर्ट अडवन ठेवल्यान, तेचे हात आखडान टाक रे महाराजा..."

माझी मुलगी सोफ्यावरून म्हणाली, "आई, ही इज जस्ट अ‍ॅन अ‍ॅक्टर."

"गप बस," म्हटलं, आणि मीही म्हणाले, होय महाराजा. अगदी पोटातून म्हणाले.

शनिवारी सकाळी सातला यांचा फोन. मॅनेजर नेहमी सगळ्यांच्या आधी यायचा, तो ऑफिसात बेशुद्ध पडलेला सापडला. बाहेर वाळूत कुंपणापासून दारापर्यंत दोन सरळ चर, वीतभर अंतरावर. गाडीच्या चाकांचे नव्हेत. आणि ते फक्त आत आलेले, परत गेलेले नाहीत. लॉकर उघडा, टेबलावर एकच पासपोर्ट... दत्तारामचा.

तो त्याच संध्याकाळच्या विमानाने गेला. पण आई दुपारीच गेली होती. घरी पोचला तेव्हा भावाने अग्नीही दिलेला.

तिसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेले. माणुसकी म्हणून नाही, बघायलाच गेले. मॅनेजरची बोटं काळीठिक्कर पडली होती. मल्याळी नर्स म्हणाली, "आंटी, ये तो बरफ में होता है. इधर जुलाई में कैसे हुआ?"

मॅनेजरने मला पाहिलं आणि रडायलाच लागला. "भाभीजी, दत्ताराम को बोलो, उस लकडीवाले को वापस बुला ले. रोज आके खडा रहता है." गाऱ्हाण्याचं त्याला कोणीच सांगितलं नव्हतं, मी सगळ्यांना विचारलं.

पंधरा दिवसांनी दत्तारामचा गावाहून फोन आला. बाराव्याचं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "सायब कसो आसा, काकी?"

"बरा आहे," मी म्हटलं. निरोप दिला नाही.

मॅनेजरची चार बोटं काढावी लागली. शारजाच्या उन्हाळ्यात तो बर्फ कुठून आला, ते मला आजतागायत कळलेलं नाही... आणि निरोप पोटात ठेवल्याचं वाईटही वाटलेलं नाही.