खारेकाकांचा शब्द

खारेकाकांचं आडनाव काही खारे नव्हतं. दुकानात खाऱ्या पाण्यातले मासे, फरशीवर वाळलेल्या मिठाचे पांढरे डाग आणि बोलणंही तसंच, म्हणून लोकांनी नाव पाडलं आणि ते चिकटलं. "या, बसा" असं काही गिऱ्हाइकाला त्यांच्या तोंडून कधी ऐकायला मिळालं नाही. "आधीचे मेले का?" हा पहिला प्रश्न. मेले म्हटलं की का मेले याची उलटतपासणी. उत्तर पटलं नाही तर सरळ, "तुम्हाला मासे मिळायचे नाहीत. कुंडीत झाड लावा, मेलं तरी ओरडणार नाही." आता मासा तरी कुठे ओरडतो? पण हे त्यांना सांगायची कुणाची टाप होती!

मूळचा धंदा प्लंबरचा. एका दवाखान्यातल्या काचेच्या मोठ्या टाकीचा पाइप गळत होता, तो बदलायला गेले आणि काम झाल्यावरही टाकीसमोरून हलेनात. शेवटी कंपाउंडरनं पेशंट समजून त्यांना नंबर दिला. चाळिशीतला संसारी माणूस माशांच्या प्रेमात पडला म्हणजे काय व्हायचं? घरातली बाथरूम गेली, मग व्हरांडा गेला, मग प्लंबिंगच गेलं. बायको म्हणायची, "दुसरी बाई असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या. या मेल्यांचं काय उपटू?" ती माउली पुढे वारली. मुलगा बोटीवर नोकरीला लागला, आणि दुकानाचा कारभार सुनेनं हातात घेतला. सून हुशार, जिभेनं सासऱ्याला तोडीस तोड. दोघांचं दिवसभर वाजायचं, पण तिच्या हातचा चहा आल्याशिवाय काकांचं कुठलंच काम सुरू व्हायचं नाही.

या तिरसट माणसाकडे लोक लांबून का येत? कारण एकच. स्वतःच्या टाकीत वापरून पाहिल्याशिवाय काकांनी कधी कुठली वस्तू विकली नाही. दाराशीच त्यांची स्वतःची टाकी होती आणि तिच्यात जाड्या नावाचा एक फुगणारा मासा, अंगावर काटे, तोंडावर सदा रुसवा, आणि त्याच्या जोडीला दोन-चार चिवट मासे. नवं मीठ येवो, खाद्य येवो, औषध येवो, आधी ते जाड्याच्या टाकीत पडायचं. जाड्या खुशाल राहिला की मगच माल फळीवर. त्यामुळे बाटलीवरचं लेबल वाचायचे कष्ट कुणी घेत नसे. खारेकाका म्हणाले ना, मग झालं!

शेवाळ मारायच्या औषधांवर मात्र त्यांचा दात होता. खाऱ्या पाण्याच्या टाकीत शेवाळ माजलं की काचा हिरव्या होतात, दगडांवर दाढी उगवते, आणि टाकीवाला रडकुंडीला येऊन औषध मागतो. काका म्हणायचे, "औषध एकच, मनगट. घासा." पण मग एकदा एका कंपनीचा माणूस आला, गोडबोल्या, आणि बाटली ठेवून गेला. लेबलावर लिहिलं होतं की यात फक्त नैसर्गिक जिवाणू आहेत, कुठलंही रसायन नाही, कुठलाही धातू नाही, कोळंबीपासून प्रवाळापर्यंत सगळ्यांना सुरक्षित. काकांनी नाक मुरडलं, आणि नेहमीप्रमाणे बाटली जाड्याच्या टाकीत ओतली. आठवड्यात काच लख्ख! जाड्या होता तसाच, मस्तवाल. काकांचे स्वतःचे खांदे घासून घासून कामातून गेले होते. म्हातारपणी देव पावला असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी बाटल्या फळीवर मांडल्या.

त्यातली एक बाईंना दिली.

बाई म्हणजे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, बारीक चणीच्या, नेटक्या. त्यांचे यजमान भूगोलाचे सर. सरांना झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. खिडकीशी खुर्ची आणि खुर्चीशेजारी टाकी, एवढंच त्यांचं जग उरलं होतं. त्या टाकीत एक कोळंबी होती, लाल अंगावर पांढरा पट्टा असलेली. या जातीची कोळंबी माशांच्या अंगावरची घाण टिपून खाते, आणि माणसानं पाण्यात हात धरला तर हातावर चढून त्याची नखंही साफ करते. बाई रोज सरांचा डावा हात टाकीत सोडायच्या. कोळंबी दगडातून निघून यायची आणि एकेक बोट मन लावून कोरायची. "आली हो तुमची पार्लरवाली," बाई म्हणायच्या. सर अर्ध्या तोंडानं हसायचे. अख्ख्या दिवसात ते एवढंच हसायचे.

पुढे शेवाळ माजलं, काच हिरवी झाली, सरांना काही दिसेना. बाईंच्या मनगटात संधिवात, घासायचं कसं? त्या दुकानात आल्या आणि बाटली हातात घेऊन चष्मा वर करून लेबल वाचू लागल्या.

"वाचताय काय?" काका म्हणाले. "मी माझ्या टाकीत टाकलंय. तुम्ही डोळे मिटून एक झाकण टाका."

बाईंनी लेबल वाचायचं सोडलं आणि बाटली पिशवीत ठेवली.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. काका धावतपळत गेले. मासे ठणठणीत होते, पण कोळंबी तळाशी आडवी पडलेली, समुद्रफूल म्हणतात ते मऊ जनावर विरघळून लोळागोळा झालेलं, गोगलगाई एकूण एक उलट्या. काका टाकीवर वाकले. मासे जगतात आणि ही नाजूक जनावरं पटापट मरतात, असं करणारी एकच गोष्ट त्यांना ठाऊक होती. तांबं. अर्धं आयुष्य तांब्याचे पाइप जोडण्यात गेलेला माणूस तो. त्यांनी टाकीतलं पाणी काचेच्या नळीत घेऊन तांबं तपासायचे थेंब टाकले, आणि पाण्यानं रंग धरला. तांबं होतंच.

"नवीन नळ बसवलात का? पितळेचं काही पडलं का टाकीत?"

"काही नाही हो," बाई हळू आवाजात म्हणाल्या, सरांना ऐकू जाऊ नये म्हणून. "माझंच चुकलं. टाकीत एक झाकणभर औषध टाका म्हणाला होतात. माझा हात थरथरतो. जास्त पडलं असणार. आयुष्यभर पोरांना गणित शिकवलं, आणि एक झाकण नीट मोजता येऊ नये!"

काका तडक निघाले. दुकानात आले आणि बादलीत स्वच्छ पाणी घेऊन त्यात त्याच औषधाच्या बाटलीतले चार थेंब टाकले. पुन्हा तपासलं. त्या पाण्यानंही रंग धरला.

मग त्यांनी दाराशी जाऊन जाड्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. जाड्याच्या टाकीत कोळंबी नव्हतीच. गोगलगाय नव्हती, समुद्रफूल नव्हतं. असणार कुठून? समोर येईल ते कुडूम कुडूम फोडून खाणारा हा खादाड! इतकी वर्षं ज्या टाकीच्या जिवावर काका शब्द देत आले, त्या टाकीत तांब्यानं मरेल असं काही नव्हतंच. अहो, इतकी साधी गोष्ट! पण रोज डोळ्यांसमोर असतं तेच माणसाला दिसत नाही.

कंपनीच्या गोडबोल्याला फोन लावला. तो म्हणाला, "लेबलावर आहे तेच बाटलीत आहे. गिऱ्हाइकानं जास्त टाकलं असेल." काकांनी त्याचा असा उद्धार केला की सुनेनं दुकानाचं दार ओढून घेतलं. त्याच दिवशी त्यांनी फळी रिकामी केली आणि बाटली नेलेल्या बाकीच्या सगळ्यांना कळवलं. कुणाचं नुकसान झालं होतं, कुणाचं नव्हतं. ज्यांचं झालं त्यांनी शिव्या घातल्या, आणि काकांनी मान खाली घालून त्या ऐकून घेतल्या. शिव्या खाणं सोपं असतं. भांडायला आलेल्या माणसासमोर उभं राहता येतं. स्वतःलाच दोष देणाऱ्या माणसासमोर कसं राहायचं?

बाईंना तेवढं सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, काकांनी टाळलं. उद्या सांगू, भेटून सांगू. सुनेलाही कळत होतं. ती म्हणाली, "बाबा, त्या स्वतःच म्हणतायत ना हात चुकला म्हणून? मग कशाला ओढवून घेताय? गेलेली कोळंबी काही परत येणार नाही." एरवी सुनेचं एक वाक्य खोडल्याशिवाय न सोडणारा हा माणूस, तेव्हा मात्र गप्प बसला. काकांना गिऱ्हाइकाची भीती नव्हती. पण या गावात डोळे झाकून आपल्यावर विसंबणारं एक माणूस अजून शिल्लक आहे, ते तेवढं राहू दे, असं त्यांना वाटत होतं. लोभच तो.

काही आठवडे गेले. त्या टाकीत दुसरी कोळंबी सोडण्यात अर्थ नव्हता, कारण तांबं दगडांत आणि वाळूत मुरून बसतं. म्हणून काकांनी एक लहान टाकी नव्यानं तयार केली. नवं पाणी, नवी वाळू, आणि तसलीच पट्टेवाली कोळंबी. टाकी रिक्षात मांडीवर धरून ते बाईंच्या दारात उभे राहिले.

बाईंनी दार उघडलं, टाकी पाहिली आणि दोन पावलं मागे सरल्या. "नको हो. हिलाही मारेन मी."

आत सर खुर्चीत होते. डावा हात टाकीच्या काठावर पालथा ठेवलेला. बाई सांगू लागल्या, "अजून रोज हात पाण्यात सोडायला लावतात. डोळ्यांनी खुणावतात. मी सोडते. ती येत नाही. मग माझ्याकडे बघत बसतात. मी काय सांगू?"

तेवढ्यात शेजारीण आली. ओट्यावरची औषधाची बाटली घेतली, चमचा भरला आणि सरांच्या तोंडाशी नेला. सरांनी मान फिरवली. पुन्हा नेला, पुन्हा फिरवली. औषध हनुवटीवरून शर्टावर ओघळलं. बाई दाराशी उभ्या राहून हातात हात घट्ट धरून बघत होत्या.

"तुम्ही का देत नाही?" काकांनी विचारलं.

"माझ्या हाताचा भरवसा नाही राहिला," बाई म्हणाल्या. "रक्तदाबाचं औषध आहे ते. जास्त पडलं तर? हिला विनवणी करून रोज बोलावते. हे तिच्या हातून घेत नाहीत, अर्धं वाया जातं. पण निदान मी तरी नाही ना मारणार ह्यांना."

काकांनी टाकी जमिनीवर ठेवली. शेजारीण निघून जाईपर्यंत ते उभेच राहिले.

"बाई, तुमचा हात चुकला नव्हता. बाटलीत तांबं होतं. लेबल खोटं होतं. मी दुकानात तपासलं."

"कधी?"

"त्याच दिवशी."

बाईंनी खुर्चीची पाठ धरली. मग म्हणाल्या, "काका, मी रोज ह्यांची माफी मागतेय. रोज, सकाळी चहा पाजताना. त्यांना बोलता येत नाही. 'असू दे' एवढंसुद्धा म्हणता येत नाही त्यांना. आणि तुम्हाला ठाऊक होतं?"

"चुकलं बाई माझं. लाज वाटली."

"मला नका सांगू. त्यांना सांगा."

काका सरांच्या खुर्चीसमोर जमिनीवर उकिडवे बसले. गिऱ्हाइकाला कधी बसा न म्हटलेला माणूस, त्यानं हात जोडले. "सर, तुमची कोळंबी बाईंनी नाही मारली. औषध मी दिलं होतं. वाचू नका, टाका, असं मीच म्हणालो. बाईंनी बरोबर मोजलं होतं."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता की नव्हता, काकांना शेवटपर्यंत कळलं नाही. मग सरांनी डावा हात काठावरून उचलला, हवेत चाचपडत नेला आणि बाईंचं मनगट धरलं. बाई खुर्चीशेजारी खालीच बसल्या आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडल्या. लहान मुलासारख्या. काका तिथेच उकिडवे, उठावं की बसावं कळत नव्हतं.

रडू ओसरल्यावर बाई उठल्या. तोंडावर पाणी मारलं. ओट्यावरची बाटली उचलली, उजेडात धरून लेबल वाचलं, दोनदा वाचलं, चमचा मोजून भरला. हात थरथरत होता. सरांनी तोंड उघडलं आणि सगळं औषध घेतलं.

"ही टाकी परत न्या," चमचा विसळत बाई म्हणाल्या.

"यात काही नाही बाई. पाणी मी स्वतः तपासलंय. देवाशपथ."

"असेल हो." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच काकांना सोसवेना. "तुम्ही खरंच सांगत असाल. पण मला ते खरं कसं वाटावं? मासे, पाणी, मीठ, मी सगळं तुम्हाला विचारत होते. मला दुसरं कुणी माहीत नाही, काका. आता मी कुणाला विचारू?"

काका उठले. त्यांनी टाकी उचलली. जिना उतरताना पाणी हिंदकळून त्यांच्या शर्टावर सांडत होतं.