वाटी रिकामी देत नाहीत

"मोबदला घेतला का?" साहेबांनी विचारलं.

"हां, घेतला ना," दामूकाका म्हणाले.

मी डोळे मिटून घेतले. वॉर्ड ऑफिसच्या बाहेर बाकावर बसून अर्धा तास मी त्यांना एवढंच पढवलं होतं: काका, विचारलं तर सांगायचं, आम्ही काही विकत नाही, काही घेत नाही. सव्वीस वर्षं वकिली करतेय. अशील नको त्या वेळी खरं बोलतो, हे मला नवीन नाही.

प्रकरण कोंबड्यांचं होतं. सहा कोंबड्या, एक कोंबडा. काकांचं घर सानपाड्याच्या गावठाणात, म्हणजे टॉवर उठायच्या आधीपासून जे गाव तिथे होतं, त्यात. घरामागे हातभर अंगण, त्यात खुराडं आणि अंगणाला लागून सोसायटीची भिंत. सोसायटीतल्या एका बाईंनी तक्रार केली, इन्स्पेक्टर येऊन पाहून गेले आणि नोटीस आली. विनापरवाना कुक्कुटपालन व्यवसाय सात दिवसांत बंद करावा, अन्यथा पक्षी जप्त करण्यात येतील.

नोटीस घेऊन काका माझ्याकडे आले तेव्हा मी हसले होते, हे कबूल करते.

"सहाच कोंबड्या ना काका? देऊन टाका कुणाला तरी. कशाला वकिलाच्या नादी लागता?"

"मना नकोत वकीलबाई. बायकोला पायजेत."

कमळाकाकूंना दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. पोटच्या मुलीचं नावही ओठांवर येत नाही. पण रोज सकाळी काका त्यांना मागच्या दारात खुर्चीवर बसवतात, डाव्या मुठीत तांदळाची कणी देतात आणि काकू कोंबड्यांना हाक मारतात. "ती ती ती ती!" अगदी स्पष्ट. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, तोंडातून जे काही निघतंय ते बंद पडू देऊ नका.

"आख्ख्या दिवसात तेवराच तिचा आवाज येतो घरात," काका म्हणाले. "कोंबऱ्या गेल्यावर ती कोनाला हाक मारंल?"

माझं हसू कुठच्या कुठे गेलं. नोटीस मी ठेवून घेतली.

वकिलाचं निम्मं काम म्हणजे कागदातला एक शब्द पकडणं. इथे तो होता 'व्यवसाय'. स्थानिक नियम काढून वाचला. धंद्यासाठी पक्षी पाळायला परवाना लागतो आणि तो दाट वस्तीत मिळत नाही. घरापुरते पाळले तर अट एकच, कुणाला उपद्रव होता कामा नये. उपद्रव म्हणजे घाण, वास, आवाज. मी लेखी उत्तर दिलं की हा व्यवसायच नाही, तेव्हा नोटीस टिकत नाही. वॉर्ड ऑफिसच्या साहेबांपुढे सुनावणी लागली.

इन्स्पेक्टरांचा रिपोर्ट मात्र थेट सुनावणीतच हातात आला. 'पाहणीच्या वेळी शेजारील महिलेने अंडी घेतल्याचे व मोबदला दिल्याचे आढळले.' मोबदला म्हणजे वस्तूच्या बदल्यात मिळालेलं काहीही, पैसेच हवेत असं नाही. मोबदला आला की विक्री आली, विक्री आली की व्यवसाय आला. माझ्या लेखी उत्तराची हवाच गेली. वर काकांनी हो म्हणून टाकलेलं.

साहेब पेन उचलणार तेवढ्यात मी विचारलं, "काका, कसला मोबदला?"

"तांदूल."

"कुणी दिले?"

"शेजारची सून. बालंतीन हाय ना ती. वाटीतून अंडी धारली तिला. वाटी परत देताना तिनं मूठभर तांदूल टाकले."

"का टाकले?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की या बाईला आईनं काही शिकवलं की नाही. "मंग? वाटी रिकामी कशी देनार वकीलबाई?"

साहेब इन्स्पेक्टरांकडे वळले. "तुमच्या घरी रिकामी देतात का हो?"

"नाही सर. काही नसलं तर साखर तरी घालतात."

"मग हे मोबदला काय लिहिलंत?"

"फॉर्ममध्ये रकाना तेवढाच आहे सर."

साहेब हसले. मग पुन्हा साहेब झाले. व्यवसायाचा मुद्दा निकाली निघाला, पण तक्रार आवाजाचीही होती. त्या बाई नर्स आहेत. नाइट ड्यूटी करून सकाळी झोपतात आणि कोंबडा दिवसभर आरवतो. मी गावठाण, जुनी वहिवाट असं काहीतरी सुरू केलं. काकांनी मला हातानं थांबवलं.

"कोंबरा मी नेतो. उरनला, पोरीच्या सासरी. माझ्या बायकोला हास्पिटलात अशाच बायांनी संबाललीय. झोपू दे तिला."

नोटीस मागे घेतली गेली. कोंबड्या राहिल्या, कोंबडा गेला. कोंबडा गेला म्हणजे यापुढे पिल्लं नाहीत. आहेत त्या सहाच, त्या म्हाताऱ्या होईपर्यंत. हे माझ्या रिक्षात बसल्यावर लक्षात आलं. काकांना तिथेच कळलं होतं.

पंधरा दिवसांनी काकांनी माझ्या ऑफिसात स्टीलचा डबा आणून ठेवला. आत कोंड्यात नीट बसवलेली अंडी. मी रव्याचे लाडू केले, डबा भरला आणि रविवारी सकाळी परत द्यायला गेले. काकू मागच्या दारात खुर्चीवर होत्या. डाव्या हातानं त्यांनी झाकण उघडलं, आत पाहिलं आणि अर्ध्या चेहऱ्यानं हसल्या. मी निघाले. चार पावलं गेले असेन.

"ती ती ती ती!"

कोंबड्या तर त्यांच्या पायाशीच होत्या. मी मागे वळले. काकू माझ्याकडे बघत होत्या.

"बस म्हनते," काका म्हणाले.

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. पायरीवर बसले.

अशिलांना पढवणं हल्ली मी कमी केलंय. काकांनी माझं ऐकलं असतं तर ती वाटी रेकॉर्डवर आलीच नसती आणि आम्ही हरलो असतो. निघताना काकांनी तो डबा पुन्हा माझ्या हातात दिला. त्यात चार अंडी होती.