शीर सापडेना

माझ्या थोरल्या जावेला पटकी झाली, तेव्हा आमच्या घरात सुई टोचून घेतलेलं कुणीच नव्हतं. सकाळी जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले, बोटं सुरकुतली, आवाज बसला. साथीसाठी पाटोद्यात मुक्कामाला असलेल्या सरकारी डॉक्टरांना थोरले दीर बैलगाडीतून घेऊन आले. डॉक्टर हैदराबादकडचे होते, मोडकंतोडकं मराठी बोलायचे.

त्यांनी मिठाचं पाणी उकळून निववलं, काचेच्या बाटलीत भरलं आणि कोपराच्या खळीत सुई घातली. शीर सापडेना. दुसऱ्या हातालाही सापडेना. मग मांडीच्या कातडीखाली पाणी सोडलं. तिथं लिंबाएवढा फुगवटा आला आणि तसाच राहिला. अंगात रक्तच नीट फिरत नाही, म्हणून हे पाणी पुढं जात नाही, असं ते दिरांना म्हणाले. आता घोट्याजवळ कापून शीर उघडी करावी लागेल.

दीर म्हणाले, चाकू नको. तिला धडक्या अंगानं जाऊ द्या.

तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ओठ हलले म्हणून मी कान लावला. तोवर मी दिरांशी कधी एक शब्दही बोलले नव्हते. पदर ओढून घेतला आणि म्हणाले, "भावजी, बाई म्हणत्यात, कापू द्या. त्यायला जगायचं हाय."

दिरांनी तिच्याकडं बघून होकाराची मान हलवली.

डॉक्टरांनी घोट्याजवळ कापून शीर उघडी केली. शिरेतून पाणी जाऊ लागलं आणि आमच्या डोळ्यांदेखत तिच्या गालांवर जीव आला. संध्याकाळी तिनं केस विंचरून मागितले. मी वेणी घालताना ती मला म्हणाली, "हळू वढ गं." दीर उंबऱ्यावर बसून रडत होते.

पण तिला लघवी झालीच नाही. दुसऱ्या दिवशी तोंड सुजलं, ती बरळू लागली. डॉक्टर पुन्हा आले. गुर्दे बंद पडलेत, लघवी बनतच नाही, त्यावर माझ्याकडं दवा नाही, असं म्हणून ते तिच्याजवळ बसून राहिले. तिसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आत ती गेली.

साथीच्या भीतीनं गाव रानात राहायला गेलं होतं. खांद्याला माणसं मिळेनात. दीर, माझे मालक आणि गाडीवान पुढं झाले. चौथा खांदा डॉक्टरांनी दिला.